काट्यांचा कैवार



कामगार चळवळीतला माणूस काटेरी झाडांवर बोलायला उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चालक मंडळींनी विषय विचारला तेव्हा त्यांनाही ते वाटले. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी काही वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात, रात्रपाळीत आणि माळावर चालता चालता. तेव्हा बोलण्यात कोठे घसरलो तर जाणकारांनी माझा कान धरावा. पण या विषयाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे, एका चुकीमुळे वळलो. आणि ती चूक माझी स्वतःची आहे. म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या कामगार वसाहतीच्या मागे एक मुरमाड माळ आहे. मुलांना खेळायला जागा हवी म्हणून आम्ही तेथे श्रमदान काढले. साठएक माणसे, लागोपाठ दोन रविवार. हुकूम माझाच होता : काटेरी दिसेल ते उपटा. लोकांनी उपटले. बाभळीची रोपे गेली, पिवळा धोत्रा गेला, आणि त्याबरोबर शेकडो उटकटारेही गेले. मोठा ढीग करून आम्ही तो पेटवला, चहा घेतला, आणि चांगले काम केल्याच्या समाधानात घरी गेलो. पुढच्या थंडीत वसाहतीतले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "भाऊ, काटे गेले ते बरे झाले. पण पौषात दुसरे काही फुललेले नसले, की इथे त्या निळ्या चेंडूंवर माश्या यायच्या. त्या आता कुठे जायच्या?" हे गृहस्थ तरुणपणी डोंगरात मध काढीत असत. त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बैठकीत कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, असे माझ्या बाबतीत क्वचित होते. ते उत्तर शोधता शोधता जे वाचले आणि पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

उटकटारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आज या उन्हात गावाबाहेर गेलात तर माळावर त्याचे वाळलेले काटेरी गोळे दिसतील. उंट तो आवडीने खातो म्हणून त्याचे हे नाव पडले. पांढरट खोड, कातरलेली काटेरी पाने, आणि शेंड्याला लिंबाएवढा गोल चेंडू. तो फुलला की त्यावर निळसर पांढरी झाक येते. हा आपल्या भारतीय उपखंडाचाच रहिवासी आहे. इंग्रजीत ज्यांना 'थिसल' म्हणतात त्या काटेरी घराण्यातला हा एक. मराठीत या सगळ्या घराण्याला मिळून एक नाव नाही. परंतु त्यातले दुसरे एक झाड आपल्या इतक्या परिचयाचे आहे की त्याला आपण रानटी म्हणतच नाही. ते म्हणजे करडई. होय, जिचे तेल आपण खातो, जिची कोवळी भाजी लसूण घालून भाकरीबरोबर खातो, ती करडई ही उटकटाऱ्याची चुलत बहीण आहे. आपला शेतकरी ज्वारीच्या कडेने करडईचे पट्टे पेरतो, कारण गुरे त्या काट्यातून आत शिरत नाहीत. काढणीला लोक पहाटे जातात, कारण दवाने काटा मऊ पडलेला असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाणही तयार केले आहेत. म्हणजे काटा आणि उपयोग यांचे वैर नाही, ही गोष्ट महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताही ठाऊक होती. ती विसरलो आम्ही शहरातली माणसे.

आता या फुलात कीटकांना एवढे काय सापडते ते पाहू. करडईचे बोंड किंवा अशा कोणत्याही झाडाचा गोंडा घ्या. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक फूल नसते. ती अनेक बारीक नळीदार फुलांची वसाहत असते. प्रत्येक नळीच्या तळाशी मकरंद. कीटकाने एकदा गोंड्यावर पाय टेकले की जागचे न हलता त्याला अनेक पेले रिकामे करता येतात. सगळी फुले एकाच दिवशी उघडत नाहीत. काही आज, काही उद्या. त्यामुळे एक गोंडा पुष्कळ दिवस पुरतो. शिवाय यातल्या कित्येक जातींत एक गमतीची रचना आहे. कीटकाचा स्पर्श होताच पुंकेसरांचे तंतू आखडतात, परागांची नळी खाली ओढली जाते, आणि आतल्या दांड्याने पराग वर ढकलला जाऊन कीटकाच्या अंगाला लागतो. मोठी मधमाशी, बारीक मधमाशी, फुलपाखरू, फूलमाशी, यांपैकी कोणालाही येथे मज्जाव नाही. काही फुलांची दारे एखाद्याच कीटकासाठी बांधलेली असतात. हे दार मात्र बहुतेकांना उघडे आहे. काटे आहेत ते चरणाऱ्या तोंडासाठी. येणाऱ्या पाहुण्याला ते बोचत नाहीत.

'पेंटेड लेडी' नावाचे एक नारिंगी रंगाचे, देशोदेशी फिरणारे फुलपाखरू आहे. ते आपल्याकडेही येते. त्याच्या शास्त्रीय नावात 'कार्डुई' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थच 'काटेरी झाडाचे' असा होतो, कारण त्याच्या अळ्या या झाडांची पाने खाऊन वाढतात. मकरंद पिणारे फुलपाखरू आपल्याला हवे असते, पाने खाणारी अळी नको असते. पण ती दोन्ही एकाच जिवाची वये आहेत, हे आपण ध्यानात घेत नाही.

आता थोडे परदेशात जाऊ. कारण या झाडांचा जो मोठा खटला चालला तो तेथे चालला. इंग्लंडमध्ये १९५९ साली तणांविषयी एक कायदा झाला. त्यात पाच झाडे 'अपायकारक' म्हणून नोंदली गेली, आणि त्या पाचांत दोन थिसल आहेत. त्यांचा फैलाव थांबवण्याचा हुकूम जमीन कसणाऱ्याला देता येतो. हा कायदा आजही अंमलात आहे. शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती. यातले रांगते थिसल जमिनीखाली आडव्या मुळ्या सोडते. नांगराने मुळीचे तुकडे केले तर तुकड्यातुकड्यातून नवे झाड उठते. गवत मारले जाते, गुरे तोंड लावत नाहीत. परंतु ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली या यादीतल्या झाडांवर कोणकोणते कीटक येतात याचा हिशेब प्रसिद्ध केला. कीटकांसाठी लावा म्हणून सरकारने ज्या फुलझाडांची शिफारस केली होती, त्यांच्यापेक्षा या 'अपायकारक' झाडांवर येणाऱ्या कीटकांची संख्या आणि विविधता कितीतरी अधिक निघाली. एका हाताने माश्यांसाठी पेरा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांचे सर्वांत मोठे अन्नछत्र उपटायला लावायचे, असा हा व्यवहार झाला.

पण म्हणून सगळीच थिसल सर्वत्र वाढू द्यावीत काय? तसे नाही. हेच रांगते थिसल सतराव्या शतकात धान्याच्या बियांत मिसळून युरोपातून उत्तर अमेरिकेत गेले. तेथे त्याला 'कॅनडा थिसल' हे नाव पडले. कॅनडाचा त्यात काही अपराध नव्हता. पण शेजाऱ्याच्या नावावर बिल फाडण्याची रीत जुनी आहे. व्हर्माँट राज्याने १७९५ सालीच त्याच्याविरुद्ध कायदा केला. जे झाड इंग्लंडच्या कुरणात हजारो वर्षांच्या शेजारधर्माने राहिले, तेच अमेरिकेत मोकाट सुटले. झाड तेच, मकरंद तोच; बदलली ती भोवतालची मंडळी. ज्या किडी, ज्या बुरश्या त्याला घरी आवर घालीत, त्या बहुतेक सगळ्या मागे राहिल्या होत्या. तेथेही मधमाश्या त्यावर तुटून पडतात, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु ज्या माळावर वसंतापासून शरदापर्यंत पाळीपाळीने वीस प्रकारची फुले फुलायची, तेथे एकच झाड पसरले तर त्याच्या बहरापुरती मेजवानी होते, आणि मागेपुढे उपास.

अमेरिकेची स्वतःचीही थिसल आहेत, सुमारे साठ जाती. त्यांतली बहुतेक विरळ वाढतात, शेतात शिरत नाहीत. दलदलीतल्या एका थिसलवर एका लहानशा दुर्मिळ फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. उंच वाढणारे एक थिसल उन्हाळ्याच्या अखेरीस फुलते, आणि दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे वाटेत त्यावर शिदोरी घेतात. गोल्डफिंच नावाचा पिवळा चिमुकला पक्षी थिसलचा कापूस घरट्यात अंथरतो आणि त्याच्या बिया खातो. पण सामान्य माणसाच्या लेखी थिसल म्हणजे थिसल. दिसले की मारायचे. काटा पाहिला की पुढची चौकशी बंद.

आणि आता या कथेतला मुख्य प्रसंग. युरोपातूनच आलेले आणखी एक थिसल, त्याला मस्क थिसल म्हणतात, अमेरिकेच्या कुरणांत फार माजले. औषधे मारून माणसे थकली. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याचा घरचा शत्रू आणायचे ठरवले. हा एक सोंडकिडा. आपल्या धान्यात होतो त्या सोंड्याच्या नात्यातला. मादी बोंडावर अंडी घालते, अळी आत शिरून बिया खाते. १९६८ साली कॅनडात आणि १९६९ साली अमेरिकेत तो सोडण्यात आला. काम त्याने केले, यात शंका नाही. पुष्कळ ठिकाणी मस्क थिसल खरोखर ओसरले. औषधाचा खर्च नाही, विष नाही. सगळ्यांनी शाबासकी दिली.

सोडण्यापूर्वी त्याची परीक्षा झाली नव्हती असे नाही. युरोपात चाचण्या घेतल्या होत्या, आणि हा किडा अमेरिकेतल्या देशी थिसलच्या नात्यातल्या झाडांवरही वाढू शकतो, हे त्या चाचण्यांत दिसलेही होते. तरीही परवानगी मिळाली. कारण काय? तर त्या देशी झाडांना बाजारात किंमत नव्हती. त्यांची लागवड कोणी करीत नव्हते, त्यांच्यावर कोणाचा संसार चालत नव्हता. म्हणजे माणसांपैकी कोणाचा चालत नव्हता.

नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. तेथे प्लॅट थिसल नावाची एक देशी जात राहते. सव्हाटा लौडा नावाच्या विदुषी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत होत्या. १९९३ साली त्यांच्या झाडांवर हा किडा प्रथम दिसला. त्या भागात मस्क थिसल जवळजवळ नव्हते. किडा भूक घेऊन पुढे सरकत आला होता. प्लॅट थिसलचा बहर आणि किड्याची अंडी घालण्याची वेळ नेमकी जुळली. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. पुढची पिढी येते ती केवळ बियांतून. ते बीच खाल्ले जाऊ लागले, आणि झाडांची संख्या घसरली. त्या बोंडांवर जगणारी एक देशी माशीही त्याबरोबर घटली. लौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे सारे मांडले. हा किडा वीसहून अधिक देशी जातींवर आढळलेला आहे. आणि एकदा सोडलेला किडा परत बोलावता येत नाही. चुकीचा ठराव पुढच्या सभेत रद्द करता येतो. हा ठराव रद्द होणारा नव्हता.

मित्रहो, तीसएक वर्षे मी वाटाघाटींच्या टेबलाशी बसत आलो आहे. एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा, त्याचा माणूस खोलीत नसला, तर निर्णय त्याच्या विरुद्धच होतो. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. सगळे सज्जन असतात, घाईत असतात, आणि हिशेबाच्या वहीत त्याचे खाते नसते, एवढेच पुरते. त्या सोंडकिड्याला परवानगी देणारे शास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या भल्यासाठीच झटत होते. मी माळावर हुकूम सोडला तोही मुलांच्या भल्यासाठीच. माझ्या वहीत उटकटाऱ्याचे खाते नव्हते, आणि त्या माश्यांचेही नव्हते.

आपल्या देशातही असा एक प्रसंग झाला, पण त्याचा शेवट निराळा झाला. म्हणून तोही सांगितला पाहिजे. गाजरगवत आपल्याला सांगायला नको. १९५५च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याला आवर घालण्यासाठी मेक्सिकोतून एक भुंगेरा आणून १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. काही वर्षांनी तो सूर्यफुलाची पाने खाताना आढळला, आणि मोठा गदारोळ उठला. या वेळी मात्र चौकशी समिती बसली. गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडत आणि त्यांच्या ओढीने भुंगेरे पाने कुरतडत, असे निष्पन्न झाले. पिकाला मोठा धोका नाही असे ठरले. येथे सूर्यफुलाच्या बाजूने बोलायला शेतकरी होता, म्हणून चौकशी झाली. ती झाली हे चांगलेच झाले. प्लॅट थिसलच्या बाजूने बोलायला, एक विदुषी सोडली, तर कोणी नव्हते.

तर मग माळावर आपण कसा न्याय करावा? मी तीन झाडांची उदाहरणे देतो. पिवळा धोत्रा घ्या. तो मेक्सिकोचा. दिसायला अगदी थिसलसारखा काटेरी, पण कुळाने खसखशीचा नातलग. त्याच्या फुलात माश्यांना पराग मिळतो. मकरंद मिळत नाही. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि ते तेलात मिसळले की जलोदरासारखा भयंकर रोग होतो. १९९८ साली दिल्लीत असे भेसळीचे तेल खाऊन साठाहून अधिक माणसे दगावली. हा शेताजवळून बी धरण्यापूर्वीच काढावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दुसरे झाड ब्रह्मदंडी. हे आपल्या दख्खनचे, थिसलच्या घराण्यातले, जांभळ्या गोंड्यांचे. आणि गंमत अशी की तेलुगू मुलखात ब्रह्मदंडी हेच नाव पिवळ्या धोत्र्याला आहे. म्हणजे ब्रह्मदंडी उपटा असा कागद वरून निघाला, तर गावोगाव वेगवेगळी झाडे फासावर जातील! तिसरा आपला उटकटारा. शेतात आला तर शेतकऱ्याने त्याला काढावे, तो त्याचा हक्क आहे. पण मुरमाड माळावर, जेथे दुसरे काही तग धरत नाही, जेथे पावसाळी फुले सुकून गेलेली असतात, तेथे त्याची मुळी खोल जाते आणि थंडीत तो फुलतो. तेथे त्याला राहू द्यावे. एकाच काट्याबद्दल तीन झाडांना तीन निवाडे. कारण न्याय काट्याचा करायचा नसतो, कामाचा आणि जागेचा करायचा असतो.

येथे एक इशारा दिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. देशी आणि परके हे शब्द वनस्पतींच्या बाबतीत वापरताना आपण सांभाळले पाहिजे. आमच्या गिरण्या-कारखान्यांच्या गावात हे शब्द माणसांच्या अंगावर फेकलेले मी पाहिले आहेत, आणि त्याने मजुरी कोणाचीच वाढली नाही. झाड परके असणे हा गुन्हा नाही. मिरची परकी, बटाटा परका, शेंगदाणा परका. यांना वगळून आपले एक जेवण करून दाखवा! प्रश्न मूळ गावाचा नसतो. ते येथे येऊन इतरांची जागा मारते काय, इतरांना जगू देते काय, हा प्रश्न असतो. झाडाला मुळ्या आवरता येत नाहीत, त्याला आपण आवर घालतो. माणसाला विचार आहे, कायदा आहे, संघटना आहे. झाडांचा दाखला देऊन कोणी माणसाला तण म्हणू लागला, तर त्याला तेथेच थांबवा.

आता मागणी. मागणी केल्याशिवाय भाषण संपवायची मला सवय नाही. गावाभोवती जे माळ, जे बांध, रुळाकडेचे जे पट्टे उरले आहेत, तेथे सफाईची मोहीम निघेल तेव्हा आधी झाडे ओळखणारा एक माणूस बरोबर घ्या. शेतकरी चालेल, मेंढपाळ चालेल, शाळेतला विज्ञानाचा शिक्षक चालेल. सरसकट तणनाशक फवारू नका. काय ठेवायचे आणि काय काढायचे याची यादी फुलण्याच्या दिवसांत, माळावर उभे राहून करा. कचेरीत बसून करू नका. आणि थंडीच्या एका सकाळी उटकटाऱ्याच्या चेंडूपाशी घटकाभर थांबून कोण कोण येते ते मोजा. एवढ्यासाठी पदवी लागत नाही. माझा दाखला समोर आहे.

आमच्या माळाचे काय झाले, असे आपण विचाराल. खेळाचे मैदान झाले आणि ते चांगलेच झाले. पण कडेचा एक पट्टा आम्ही सोडून दिला. पहिल्या वर्षी तेथे काहीच आले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाचलेल्या बियांतून अकरा उटकटारे उठले. त्या पौषात मी त्या वृद्ध गृहस्थांना हात धरून तेथे नेले. त्यांना आता नीट दिसत नाही. ते जरा वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आल्या. पण थोड्या आहेत." हा शेरा मी मान्य केला. उपटायला दोन रविवार पुरले होते. भरून यायला किती वर्षे लागतील ते माळच ठरवील.